मोटारगाडीची निष्कास प्रणाली

इंजिनात जळून गेलेले वायू सिलिंडरबाहेर काढून, वाटेत त्यांचा दाब, विषारीपणा आणि आवाज कमी करीत ते गाडीच्या मागील टोकापर्यंत नेणाऱ्या नळ्या व भांड्यांच्या साखळीस निष्कास प्रणाली असे म्हणतात. बोलीभाषेत या संपूर्ण साखळीलाच ‘सायलेन्सर’ म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा केवळ एक घटक होय. परफॉर्मन्स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे वेग आणि प्रवेग यांवर भर देऊन घडवलेल्या किंवा नंतर तशा करून घेतलेल्या मोटारींमध्ये ही प्रणाली बदलण्यामागे दोन उद्देश असतात : शक्ती वाढवणे आणि आवाजाला इच्छित वळण देणे. हे दोन्ही उद्देश एकाच नळीने साधतात असा सर्वसाधारण समज आहे. तो फारच थोड्या प्रमाणात खरा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रणालीचे कार्य आणि तिच्या निवडीचे निकष यांची माहिती दिली आहे. निवड ज्या हवामानावर, रस्त्यांवर आणि कायद्यावर अवलंबून असते, त्यांच्या विवेचनासाठी वऱ्हाडातील अमरावती व अकोला हे जिल्हे उदाहरणादाखल घेतले आहेत.

घटक

निष्कास झडपेतून बाहेर पडणारे वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतात. प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र, ठरावीक लांबीची नळी असलेल्या मॅनिफोल्डला हेडर असे म्हणतात. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत यानंतर टर्बाइन येते व त्याखालच्या नळीस डाउनपाइप हे नाव आहे. पुढे उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेल्या त्याच्या जाळीदार गाभ्यात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. परिवर्तकाच्या आधी व नंतर ऑक्सिजन संवेदक बसवलेले असतात. पहिल्याच्या संकेतावरून इंजिनाचा संगणक इंधनाचे प्रमाण ठरवतो, तर दुसऱ्यावरून परिवर्तक काम करतो आहे की नाही हे तपासतो. त्यानंतर मधला लहान सायलेन्सर म्हणजे रेझोनेटर, शेवटी मुख्य सायलेन्सर आणि त्याला जोडलेले बाहेरचे तोंड.

भारतात चार महानगरांमधील नव्या मोटारींना परिवर्तक १९९५ मध्ये सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० मध्ये हद्दपार झाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या, आजही हौशी मंडळींनी जपून ठेवलेल्या अनेक गाड्यांत परिवर्तक आढळत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानंतर मात्र परिवर्तक इंजिनाच्या अगदी जवळ, बहुधा मॅनिफोल्डला किंवा टर्बोला चिकटूनच बसवला जातो. जुन्या गाडीत मिस्त्री जे फेरफार सहज करीत असत, ते नव्या गाडीत करता येत नाहीत याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वायूंचा प्रवाह आणि शक्ती

चार धावांच्या इंजिनात निष्कास झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधील दाब बाहेरच्या दाबाहून बराच जास्त असतो. त्यामुळे वायू संथ झऱ्यासारखे वाहत नाहीत, तर एकामागून एक धक्क्यांच्या रूपाने बाहेर पडतात. प्रत्येक धक्क्याबरोबर नळीत दाबाची एक लाट निघते. बाहेरच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या निष्कास वायूंत तो सुमारे ५९० मीटर होतो. ही लाट नळीच्या रुंद होणाऱ्या किंवा उघड्या टोकाशी पोहोचली की तिचे परावर्तन उलट चिन्हाने होते, म्हणजे जास्त दाबाची लाट कमी दाबाची होऊन झडपेकडे परतते.

या परतलेल्या लाटेची वेळ जमली तर मोठा लाभ होतो. निष्कास धाव संपताना काही क्षण निष्कास झडप आणि अंतर्गमन झडप दोन्ही थोड्या उघड्या असतात. नेमक्या त्याच वेळी कमी दाबाची लाट येऊन पोहोचली, तर उरलेले जळके वायू ओढले जातात आणि ताजे मिश्रण आत येऊ लागते. हेडरच्या नळ्यांची लांबी ठरवण्यामागे हेच तत्त्व आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीने क्रँकशाफ्टची एक फेरी १० मिलिसेकंदांत पूर्ण होते, आणि प्रत्येक मिलिसेकंदात लाट अर्ध्या मीटरहून अधिक अंतर कापते. साहजिकच नळीच्या लांबीतील वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा फरकही लाभाची गती बदलून टाकतो. जास्त फेऱ्यांवर लाभ हवा असेल तर नळ्या आखूड, आणि मध्यम फेऱ्यांवर हवा असेल तर लांब ठेवाव्या लागतात. सर्वच गतींना अनुकूल अशी एक लांबी अस्तित्वात नाही.

चार सिलिंडरांच्या इंजिनात चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळाल्या तर त्या रचनेस चार-एक, आणि आधी दोन-दोन मिळून मग एक झाल्या तर चार-दोन-एक असे म्हणतात. पहिली रचना सामान्यतः वरच्या फेऱ्यांवर सरस ठरते. दुसरी मधल्या पट्ट्यात अधिक ओढ देते. शहरात आणि महामार्गावर चालणारी गाडी बहुतांश वेळ मधल्या पट्ट्यातच असते. म्हणून शर्यतीच्या गाडीचे हेडर रोजच्या गाडीला लावल्याने ती कित्येकदा पूर्वीपेक्षा मंद वाटते.

सायलेन्सरकडील भागाचा विचार वेगळा आहे. तेथे लाटांपेक्षा अडथळ्याचा प्रश्न मोठा असतो, आणि नळीचा व्यास निर्णायक ठरतो. उदाहरणार्थ, टर्बो नसलेले १.२ लिटरचे इंजिन ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण ५० लिटर हवा घेते. निष्कास नळीत तापून तिचे आकारमान सुमारे १३५ लिटर होते. नळीचा आतील व्यास ४२ मिलिमीटर असल्यास वायूंचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या जवळ जातो. ६३ मिलिमीटर असल्यास तो ४४ मीटरच्या आसपास राहतो. दाबाचा ऱ्हास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वरच्या फेऱ्यांवर रुंद नळीचा फायदा कागदावर मोठा दिसतो. पण २,००० फेऱ्यांवर अरुंद नळीतही वेग जेमतेम ३३ मीटर असतो आणि अडथळा नगण्य असतो. तेथे रुंद नळीने मिळण्यासारखे काहीच उरत नाही, वाढतो तो फक्त आवाज. एवढ्या इंजिनाला अडीच इंची नळी लावणे म्हणूनच निरर्थक मानले जाते. साधारणपणे १ ते १.२ लिटरच्या साध्या इंजिनांना ३८ ते ४५ मिलिमीटर, छोट्या टर्बो इंजिनांना ५० मिलिमीटरच्या आसपास आणि दोन लिटरच्या टर्बो इंजिनांना ६३ ते ७६ मिलिमीटर व्यास पुरेसा होतो.

नळीचा घोषित व्यास आणि खरा व्यास यांत अंतर पडू शकते. गल्लीतील कार्यशाळांमध्ये नळी दाबयंत्रावर वाकवली जाते व वळणाच्या जागी ती चपटी होते. आतून दांडी घालून वाकवलेल्या नळीचा छेद वळणावरही गोल राहतो. चपट्या वळणांची दोन इंची नळी प्रत्यक्षात पावणेदोन इंचीसारखी वागते, तेव्हा व्यासाइतकेच वळणांकडेही पाहणे आवश्यक असते.

‘बॅक प्रेशर’विषयीचा समज

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे वाक्य कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. चार धावांच्या इंजिनाबाबत ते चूक आहे. जळके वायू बाहेर ढकलण्यासाठी दट्ट्याला जितके श्रम पडतात तितकी शक्ती वाया जाते. मागचा दाब इंजिनाला कधीही मदत करीत नाही. तरीही या समजाला एक खरा आधार आहे. अती रुंद नळी बसवल्यावर खालच्या फेऱ्यांवर गाडी खरोखरच ढिली पडल्यासारखी वाटते. ते दाब घटल्यामुळे नव्हे, तर वायूंचा वेग मंदावून आणि लाटांची वेळ बिघडून घडते.

दुसरा आधार दोन धावांच्या इंजिनांचा आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल एका संपूर्ण पिढीच्या मिस्त्रींची शाळा ठरली. अशा इंजिनात निष्कास झडप नसते. ताजे मिश्रण निष्कास द्वारातून निसटू पाहते, आणि सायलेन्सरच्या निमुळत्या टोकावरून परतणारी जास्त दाबाची लाट त्याला पुन्हा सिलिंडरमध्ये रेटते. तेथे सायलेन्सर पोकळ करणे म्हणजे शक्ती घालवणे होय. मिस्त्रींचा हा अनुभव खरा होता. तो जसाच्या तसा चार धावांच्या मोटारीला लावला गेला, एवढीच चूक.

टर्बो इंजिने

भारतीय बाजारातील अलीकडच्या परवडणाऱ्या परफॉर्मन्स कार बहुधा छोट्या टर्बो इंजिनांच्या आहेत. २०१८ ची टाटा टियागो जेटीपी, २०२१ ची ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर या तिन्ही गाड्यांत तीन सिलिंडरांची टर्बो इंजिने आहेत. टर्बाइन वायूंमधील ऊर्जेचा मोठा हिस्सा शोषून घेते, त्यामुळे तिच्या मागे लाटांचे गणित जवळजवळ उरत नाही. टर्बाइनच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी, एवढेच पाहायचे असते. म्हणून टर्बो गाडीत टर्बाइननंतरचा मार्ग जितका मोकळा तितका चांगला, हे तत्त्वतः बरोबर आहे.

व्यवहारात मात्र या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा परिवर्तक हाच असतो आणि त्याला हात लावणे कायद्याने व आरोग्याच्या दृष्टीने वर्ज्य आहे. परिवर्तकानंतरचा भाग बदलून मिळणारी वाढ माफक असते. इंजिनाच्या संगणकातील नोंदी त्या अनुषंगाने बदलल्या नाहीत तर ती आणखी घटते, कारण आधुनिक संगणक टर्बोचा दाब ठरलेल्या मर्यादेतच ठेवतो. काही कार्यशाळा ग्राहकाच्या आग्रहावरून वेग सोडताना फटाके वाजतील अशा नोंदी भरून देतात. अशा वेळी मुद्दाम उशिरा पेटवलेले किंवा न जळलेले इंधन तापलेल्या नळीत जाऊन पेटते. त्याने परिवर्तकाचा गाभा वितळू शकतो, टर्बोची पाती अकारण तापतात, आणि शक्तीत तिळमात्र भर पडत नाही.

आवाज

निष्कासाचा मूळ स्वर इंजिन ठरवते, नळी नव्हे. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांच्या इंजिनाचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा, तीन सिलिंडरांचा ७५ हर्ट्झचा आणि एका सिलिंडरचा २५ हर्ट्झचा असतो. बुलेट मोटारसायकल १,००० फेऱ्यांवर उभी असताना सेकंदाला जेमतेम आठ ठोके पडतात. इतके विरळ ठोके कानाला सलग स्वर म्हणून ऐकू येत नाहीत, सुटेसुटे मोजता येतात. तिच्या लोकप्रिय ‘धगधग’ आवाजाचे रहस्य हेच आहे. अमेरिकी व्ही-८ इंजिनांची गुरगुर एका बाजूच्या चार सिलिंडरांतील ठोके असमान अंतराने पडत असल्यामुळे येते. सरळ रांगेतील चार सिलिंडरांचे नेहमीचे इंजिन समान अंतराने पेटते; त्याला कितीही महागडा सायलेन्सर लावला तरी ती गुरगुर येणे शक्य नाही. या एका वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष झाल्याने बराच पैसा वाया जातो.

नळी आणि सायलेन्सर यांच्या हाती उरते ते या मूळ स्वराच्या पटींपैकी कोणत्या दाबायच्या व कोणत्या सोडायच्या हे ठरवणे. परावर्तक सायलेन्सरात भांड्याचे कप्पे केलेले असतात. वायू वळणे घेत जातात, लाटा एकमेकींना छेद देतात आणि आवाज खर्जात व सौम्य राहतो. शोषक सायलेन्सरात सरळ जाणाऱ्या छिद्रयुक्त नळीभोवती काचतंतू किंवा पोलादी लोकर भरलेली असते. ती उंच पट्टीचा कर्कशपणा शोषते, प्रवाहाला अडवत नाही, पण खालचे स्वर मोकळे सोडते. काही वर्षांत हे भरण जळते, उडून जाते किंवा ओलाव्याने बसते व गाडी दिवसेंदिवस मोठ्याने ओरडू लागते. खरेदीच्या दिवशी कायद्याच्या मर्यादेत असलेला सायलेन्सर तीन पावसाळ्यांनंतरही तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

बदललेल्या प्रणालीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार मात्र बाहेरच्या आवाजाची नसून आतल्या घुमण्याची असते. ठरावीक फेऱ्यांवर निष्कासाचा स्वर आणि गाडीच्या डब्याचा स्वाभाविक स्वर जुळतो, आणि कानात सतत दडा बसल्यासारखे वाटते. अमरावती ते अकोला हे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून एका गतीने कापणाऱ्या गाडीचे इंजिन अनेकदा २,४०० फेऱ्यांच्या आसपास असते. चार सिलिंडरांच्या इंजिनात तेव्हा ८० हर्ट्झचा आणि तीन सिलिंडरांच्या इंजिनात ६० हर्ट्झचा स्वर निघतो, आणि घुमणारा पट्टा बहुधा येथेच सापडतो. दुकानासमोर दोन मिनिटे इंजिन रेटून ऐकलेला मधुर आवाज मूर्तिजापूरपर्यंतही सहन होत नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. यावर बंद टोकाची एक उपनळी जोडण्याचा उपाय आहे. तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या एकचतुर्थांश ठेवतात. मागच्या भागात वायू थंड झालेले असल्याने ध्वनीचा वेग सुमारे ४४५ मीटर धरल्यास ८० हर्ट्झसाठी ही लांबी १.४ मीटर आणि ६० हर्ट्झसाठी १.८५ मीटर येते. छोट्या गाडीखाली एवढी नळी बसवायला जागा क्वचितच मिळते. कारखान्यातून आलेला रेझोनेटर काढून टाकण्यापूर्वी याचा विचार होणे इष्ट असते.

कायदेशीर मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार उत्पादनाच्या टप्प्यावर प्रवासी मोटारींसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल, तर दुचाकींसाठी इंजिनाच्या आकारानुसार ७५, ७७ व ८० डेसिबल आहे. हे मोजमाप वेग वाढवत जाणाऱ्या गाडीपासून ७.५ मीटर अंतरावर केले जाते. उभ्या गाडीच्या चाचणीत ध्वनिग्राहक नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. दोन्ही आकड्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही. विक्रेता जेव्हा डेसिबलचा आकडा सांगतो तेव्हा तो कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारणे आवश्यक असते. वाहनांच्या मान्यतेसाठी लागणाऱ्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाज आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० (२) लागू होते. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती अपात्र ठरण्याची शिक्षा आहे. परिवर्तक काढलेली गाडी प्रदूषण नियंत्रण चाचणीतही अडकते, कारण भारत स्टेज ४ व त्यापुढील पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के इतकी कमी आहे.

अमरावती येथे प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे आणि त्या जिल्ह्याच्या वाहनांना एमएच-२७, तर अकोल्याच्या वाहनांना एमएच-३० हा क्रमांक मिळतो. राज्यातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याची दृश्ये नेहमीची झाली आहेत. ही कारवाई मुख्यत्वे ‘फटाका’ अथवा ‘इंदोरी’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या दुचाकींच्या सायलेन्सरविरुद्ध होते. मोटारींवर ती कमी प्रमाणात दिसते, याचा अर्थ मोटारींना सूट आहे असा नाही.

डेसिबलचे प्रमाण साधे नसल्यामुळे मर्यादा ओलांडण्याचा परिणाम सहसा लक्षात येत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ७४ ऐवजी ९४ डेसिबल आवाज करणारी गाडी शंभरपट ऊर्जा बाहेर टाकते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते, या हिशेबाने अशी गाडी २४० मीटरवरही ६४ डेसिबल ऐकू येते. नियमातील गाडी तेवढी ऐकू येण्यासाठी २४ मीटरवर असावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातील पातळी ४५ आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४० डेसिबल अपेक्षित आहे. अमरावतीचे इर्विन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय वर्दळीच्या चौकालगत आहे. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालयही शहराच्या वस्तीतच आहे. खिडक्या उघड्या ठेवून किंवा गच्चीवर झोपण्याच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात तर रात्रीचा एक फेरा अख्ख्या मोहल्ल्याची झोप मोडायला पुरतो.

वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. डिसेंबरच्या दुपारच्या २५ अंशांच्या हवेशी तुलना केल्यास ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी भरते. शक्ती त्याच प्रमाणात घटत नसली तरी काही टक्के निश्चितच उतरते. शिवाय तापलेल्या हवेत ठोके टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा टाकतो. परिवर्तकानंतरची नळी बदलून मिळणारी वाढही साधारण एवढीच असते. मूळ उष्णतारोधक पत्रे काढून नळी उघडी सोडल्यास गाडीच्या तळाचे, इंधननळ्यांचे व रबरी भागांचे तापमान वाढते. ते पत्रे खडखडतात म्हणून तोडून टाकण्याची सवय या प्रदेशात विशेष घातक आहे.

उन्हाळ्यात दुसरा धोका आगीचा. परिवर्तकाचे काम तो ३०० अंशांच्या आसपास तापल्यावरच सुरू होते. घाटातून चढून आलेली गाडी वाळलेल्या गवतावर, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगावर किंवा पानगळीच्या थरावर उभी केल्यास खालचे पेटू शकते. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणारे वळणाचे रस्ते वेगवान गाड्यांच्या हौशींना प्रिय आहेत. पण हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे आणि मोठ्या आवाजाच्या गाडीला तेथे जागा नाही.

रस्त्यांची स्थिती विषम आहे. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विश्वविक्रम करण्यात आला. त्याच महामार्गावरून गावाकडे वळले की काळ्या मातीवरचे, उन्हाळ्यात भेगाळणारे आणि पावसात फुगणारे रस्ते लागतात. अशा मातीवर डांबराला लाटा येतात, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात. मोठ्या व्यासाची नळी गाडीच्या तळापासून दीड-दोन सेंटिमीटर जरी खाली आली तरी ती प्रथम तेथेच घासते. म्हणून येथे व्यासाची निवड करताना प्रवाहाच्या गणिताआधी उभ्या गाडीखालील मोकळी जागा मोजणे अधिक व्यवहार्य ठरते. नळी धरून ठेवणारे रबरी झुले मूळ दर्जाचेच असावेत. अती कडक झुल्यांमुळे धक्के वेल्डिंगवर जातात व सांधे तडकतात.

धातूंपैकी साधे पोलाद स्वस्त असते, पण पावसाळ्यातील ओलावा आणि आतील पाणी यांमुळे लवकर गंजते. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी सायलेन्सरात साठते आणि तो आतून सडतो. ४०९ प्रतीचे स्टेनलेस पोलाद मूळ उत्पादक वापरतात, ते टिकाऊ असून वरवर तांबूस होते. ३०४ प्रतीचे चकचकीत राहते व महाग पडते. वेल्डिंग अर्धवट असल्यास महागड्या धातूचाही उपयोग नाही. मॅनिफोल्डजवळील फटीतून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो आणि वातानुकूलनाच्या मार्गाने डब्यात येऊ शकतो.

निवड

वरील बाबींमुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी पर्याय फारसे उरत नाहीत. परिवर्तक, संवेदक व मॅनिफोल्ड जसेच्या तसे ठेवून, उत्पादकाने त्याच प्रतिमानाच्या अधिक शक्तिमान आवृत्तीला दिलेला किंवा त्या गाडीसाठी अधिकृतरीत्या विकलेला मागचा सायलेन्सर बसवणे हा त्यांतील सर्वांत निर्धोक मार्ग आहे. त्यातही तो बदल नोंदणी तपशिलांशी विसंगत नाही, याची परिवहन कार्यालयात आधी खातरजमा करणे आणि विमा कंपनीस लेखी कळवणे आवश्यक असते. मधल्या रेझोनेटरला हात न लावल्यास घुमणे बहुतांशी टळते. ज्याला हेडर, मोकळे परिवर्तक किंवा सरळ नळीचे प्रयोग करायचे आहेत त्याने ते बंदिस्त शर्यतमार्गापुरत्या गाडीवर करावेत.

बंदिस्त मार्गावरही आवाजाला मोकळीक नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ ज्या फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत उतरतात, त्यांच्या नियमांत हवा २० मिलिमीटरच्या तोंडातून घ्यावी लागते आणि निष्कासाचा आवाज इंजिन मंद चालताना १०३ व जास्त फेऱ्यांवर ११० डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. हे मोजमाप अर्ध्या मीटरवरून आणि वेगळ्या मापश्रेणीत होत असल्याने रस्त्याच्या ७४ शी त्याची तुलना करू नये. शक्ती आणि शांतता यांची एकाच वेळी परीक्षा घेणारी ही अट विद्यार्थ्यांसाठी निष्कास प्रणालीचा उत्तम अभ्यास ठरते.

बदलाचा परिणाम तपासताना एक दक्षता घ्यावी लागते. जास्त आवाज कानावर पडला की गाडी जोरात पळते असे वाटते. हा भास इतका बळकट असतो की चालकाच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. डायनो या रुळांच्या यंत्रावर बदलापूर्वी आणि नंतर, त्याच दिवशी, त्याच इंधनावर आणि तपमानाची दुरुस्ती करून घेतलेले मोजमापच ग्राह्य मानावे. मे महिन्यात नळी बसवून तिची परीक्षा डिसेंबरात घेणाऱ्याला दिसलेल्या वाढीचा मोठा हिस्सा थंड हवेचा असतो.